कुंपणापलीकडची अक्षरं

हासरून वकील छापखान्यात आले ते थेट मागच्या खोलीत शिरले. सार्नी लग्नाचा फलक कापत होती. कात्री हातात तशीच धरून ती मागोमाग गेली.

"बू सार्नी, उद्दिंगने पाठवलेली लिंक उघडेना. किल्ली नाही म्हणते."

तिने त्यांचा मोबाईल घेतला. लिंक # या खुणेपाशी संपत होती. केंदारी शहरात बाईंना बू म्हणतात, पुरुषांना पाक, आणि या खुणेला पागार, म्हणजे कुंपण. कुंपणापलीकडे जी अक्षरांची शेपटी असायला हवी, ती नव्हतीच.

"अर्धीच आलीय. किल्ली कुंपणापलीकडे असते."

"मग तुम्ही उघडा. यंत्र तुमचं, फाईल तुमच्या पोटात."

"पोटात आहे, पण पचत नाही, पाक. पाठवणाऱ्याकडेच कुलूप लागतं. किल्ली माझ्याकडे येतच नाही."

"असलं यंत्र बसवलंच कशाला?"

"कुणीही मागायला आलं तर नाही म्हणता यावं म्हणून."

"मी कुणीही आहे?"

#

मागच्या खोलीतला हा संगणक तिने बंद पडलेल्या नेट कॅफेतून उचलून आणला होता. जगाला फुकट वाटलेला एक प्रोग्राम त्यावर चढवून तिने हे टपालघर उभं केलं होतं. मोठमोठ्या फाईली दुसऱ्या कुणाच्या दारात न जाता इथून जायच्या. आज पहिल्यांदाच तिला ते परक्यासारखं वाटलं.

—

हासरून यांचा अशील उद्दिंग मासेमार होता. त्याच्या गावासमोर निकेलच्या मातीने भरलेलं बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू जहाज, प्रवाळावर चढून बसलं होतं. कंपनीला ते आजच्या भरतीला टगबोटीने सरळ ओढून काढायचं होतं. सरळ ओढलं की खालचा जिवंत प्रवाळ सोलून निघणार, आणि मग गावाने मासे कुठे धरायचे? उद्दिंगने बार्जखाली बुडी मारून सगळं चित्रित केलं होतं. दुपारी बंदर कार्यालयात सुनावणी होती. अधिकाऱ्याने ते चित्र पाहिलं तरच टग थांबणार होती.

"लिंक मी अर्जात छापलीय," हासरून म्हणाले. "कंपनीलाही प्रत गेलीय."

"म्हणजे दार त्यांना माहीत आहे. किल्ली मिळाली तर तुमच्याआधी बघतील."

"आणि पुरावा किती पक्का आहे ते कळलं की सुनावणीची वाट न बघता टगला दोर बांधायला सांगतील."

उद्दिंगचा फोन लागत नव्हता. सार्नीने त्याच्या घराशेजारच्या दुकानात फोन करून त्याच्या बायकोला गाठलं.

"तो बोटीवर आहे," बायको म्हणाली. "तुमच्याकडेच निघालाय."

"माझ्याकडे? कशाला?"

"अक्षरं द्यायला. तुम्हीच म्हणालात ना, कुंपणापलीकडचं पाठवू नकोस, हातात दे."

"अगं, एकाच संदेशात पाठवू नकोस म्हणाले होते मी."

"ते त्याला कसं कळावं? आमची घरं पाण्यावर. आमच्यात कुंपण कुणाच्या बापाने पाहिलंय? हातात दे म्हणालात, तो निघाला. मोबाईल पाण्यात पडला, पण त्याआधीच दंडावर पेनाने लिहून घेतलंय."

हासरून स्टुलावर बसले. "दंडावर," ते म्हणाले. "माझा खटला दंडावर."

#

लिंक कशी पाठवायची ते उद्दिंगला शिकवताना सार्नीला घाई होती. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं.

—

जेवणवेळेला अनोळखी नंबरवरून फोन आला. बोटीच्या इंजिनाची घरघर, आणि त्यातून उद्दिंगचा आवाज.

"बू, मी बोटीवरून बोलतोय. किनारा दिसायला लागला."

हासरूननी फोन हिसकावला आणि आवाज मोठा केला. "उद्दिंग, दंडावरचं वाच. आत्ता. एकेक अक्षर."

"फोनवर? बू म्हणाल्या होत्या..."

"मी वकील आहे तुझा. वाच."

"बरं. साहेब, जरा थांबा हं, वाचून होऊ दे." हे तो तिकडे कुणाला तरी म्हणाला.

सार्नीने मान पुढे काढली. "उद्दिंग, फोन कुणाचा आहे?"

"कंपनीच्या साहेबांचा. तेही सुनावणीलाच निघालेत. भला माणूस. मघाशी भातही दिला. तर ऐका, मोठा के..."

सार्नीने हात घालून फोन कापला.

"वेड लागलं का तुम्हाला?"

"साहेब त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. दाराचा पत्ता त्याच्या पिशवीत आहे."

"आणि बोट उशिरा लागली तर?"

"लागली तर लागली."

"तुमचं काय जातंय, बू सार्नी? तुमचा छापखाना जमिनीवर आहे."

फोन पुन्हा वाजला. तिने वाजू दिला. तो थांबला, तशी ती टेबलाखाली शिरली आणि संगणकाच्या वायरी उपटू लागली.

"आता काय?"

"इतकी मोठी फाईल बंदर कार्यालयातल्या इंटरनेटवरून उतरवेपर्यंत भरती येऊन जाईल. यंत्रच घेऊन जाऊ, बोटही तिथेच लागेल. तुम्ही स्कूटर काढा."

#

उद्दिंग आता काय समजेल? त्याने तिचं ऐकलं, आणि तिने त्याच्या तोंडावर फोन आपटला.

—

बंदर कार्यालयात अधिकारी घड्याळाकडे बघत नव्हते, भरतीच्या तक्त्याकडे बघत होते. उद्दिंग आणि कंपनीचे साहेब एकदमच दारातून आत आले. उद्दिंगचा सदरा भिजलेला. त्याने सार्नीकडे पाहिलं नाही.

"अर्जदारांची तयारी नसेल, तर आम्ही टगला कळवतो," साहेब सौम्यपणे म्हणाले.

"तयारी आहे," सार्नी म्हणाली. तिने जमिनीवरच यंत्र जोडलं होतं. "उद्दिंग, बस. तूच टाईप कर."

उद्दिंगने बाही वर केली. समुद्राच्या तुषारांनी शाई पसरली होती. तो एका बोटाने टाईप करू लागला. शेवटाजवळ थांबला.

"हे काय आहे?" सार्नीने हळूच विचारलं.

"मोठा आय, नाहीतर बारका एल. लिहिताना माहीत होतं."

त्याने आय दाबला. पडद्यावर आलं: किल्ली चुकीची. साहेबांनी खिशातून फोन काढला. अधिकाऱ्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"अजून किती वेळ?"

"एकदाच," सार्नी म्हणाली. उद्दिंगला म्हणाली, "घाबरू नकोस. चुकीच्या किल्लीने काही पुसलं जात नाही."

"फोन का कापलात?"

"ज्याचा होता त्याला ऐकू येऊ नये म्हणून."

उद्दिंगने साहेबांकडे पाहिलं. मग फोनकडे. त्याचे कान लाल झाले. त्याने आय पुसून एल दाबला.

पट्टी हलायला लागली. सावकाश. मग हिरवट पाणी, वाळूचे कण, आणि वरून उतरलेलं बार्जचं काळं पोट. त्याखाली शिंगांसारखा प्रवाळ, अजून उभा, त्यातून मासे ये-जा करत होते.

"उजवीकडे बघा," उद्दिंग म्हणाला. "उजवीकडे नुसती वाळू. तिकडे वळवून काढलं तर कशाला धक्का लागत नाही."

साहेब काही बोलायला गेले. अधिकाऱ्यांनी हात वर केला, चित्र मागे नेऊन उजवी बाजू पुन्हा पाहिली, आणि बिनतारी यंत्र उचललं.

"टग, ओढू नका."

खरखर झाली. पलीकडून आवाज आला, "दोर बांधलाय साहेब. पाणी चढतंय. थांबू?"

"थांब," अधिकारी म्हणाले. "दोर सोड आणि थांब."