मासोळगीचं दुसरं चर्च

कोल्हापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या हद्दीला लागून मासोळगी नावाचं छोटं गाव आहे. तिथे बाप्टिस्ट चर्च दोन, एकमेकांपासून दोनशे पावलांवर. थोरल्या चर्चला यंदा सव्वाशे वर्षं झाली, म्हणून दुबई-शारजात राहणाऱ्या मासोळगीकरांनी स्मरणिका काढायचं ठरवलं. धाकट्या चर्चवरचं प्रकरण कुमुद वाघमारेंकडे आलं.

कुमुदताई शारजाच्या अल मजाजमध्ये राहायच्या, एका शाळेच्या ऑफिसात कामाला होत्या. गेल्या सुट्टीत गावी जाऊन त्यांनी थोरल्या चर्चच्या ठरावांच्या जुन्या वहीचे फोटो काढून आणले होते. त्यात १९३४ सालचा एक ठराव होता : 'मांगवाड्यातील सभासदांनी प्रभुभोजनास आपापला पेला घरून आणावा.' म्हणजे सगळे ज्या एकाच पेल्यातून पितात, त्याला त्यांचे ओठ लागू नयेत. त्याच्या पुढच्याच रविवारी कुमुदताईंचे आजोबा भिकाजी अकरा घरं घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी धाकटं चर्च बांधलं. ताईंनी हे जसंच्या तसं लिहिलं.

स्मरणिकेचा संपादक जगन्नाथ सातपुते. दुबईत कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये घर. त्याने ताईंना घरी बोलावून घेतलं.

"ताई, हे पान जाणार नाही."

"का?"

"आनंदाचं फंक्शन आहे, पोलीस चौकशी नाही. नव्वद वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार? तेव्हा सगळीकडेच तसं होतं."

"सगळीकडे होतं, म्हणूनच आमची माणसं चर्चमध्ये आली होती. ठरावाखाली पहिली सही तुमच्या आजोबांची आहे, हे टोचतंय ना?"

सोफ्यावर मोबाइल बघत बसलेल्या त्याच्या मुलीने, मिहिकाने, मान वर केली. "डॅड, डिड ग्रेट-ग्रँडपा रिअली साइन दॅट?"

"मिहिका, गो इनसाइड!" जगन्नाथ ओरडला. मग ताईंकडे वळून म्हणाला, "इतकं शिकलात, परदेशात आलात, तरी तुमच्या लोकांचं रडगाणं काही संपत नाही."

तुमच्या लोकांचं. ताईंनी चहाचा कप न उचलता पर्स उचलली आणि त्या निघाल्या.

महिन्याभराने शारजाच्या चर्च कंपाउंडमधल्या हॉलमध्ये उपासनेनंतर प्रकाशन झालं. ताईंनी आपलं प्रकरण उघडलं. मथळा त्यांचा होता, नावही त्यांचंच. आत छापलं होतं : 'सेवेच्या विस्तारासाठी काही कुटुंबांनी प्रेमाने निरोप घेऊन नवी मंडळी स्थापन केली.'

जगन्नाथ फोटो काढून घेत होता. ताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हे मी लिहिलेलं नाही."

"ताई, प्रिंट झालंय. खलास."

ताई प्रतींच्या टेबलापाशी गेल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि बॉलपेनने पहिल्या प्रतीतलं आपलं नाव खोडलं. मग दुसरी प्रत घेतली. तिसऱ्या प्रतीला जगन्नाथने गठ्ठ्यावर हात ठेवला.

"पाळकसाहेब, यांना आवरा!"

उपासना चालवणारे पाळकसाहेब धावत आले. "बाई, आपण नंतर शांतपणे बोलू."

"मी शांतच आहे, पाळकसाहेब. पुस्तक फाडत नाहीये. नाव माझं आहे, तेवढं काढून नेते. यांना हात काढायला सांगा."

पाळकसाहेब जगन्नाथकडे बघत राहिले. शेवटी त्याने हात काढला.

दोनशे प्रती होत्या. एका बाईने "देवाच्या घरात तमाशा!" म्हणत आपली प्रत ओढून घेतली. मागून कुणीतरी "जात दाखवलीच" म्हणालं, ताईंना स्पष्ट ऐकू गेलं. त्यांचं बोट दुखायला लागलं होतं. सगळे जेवायला बसले, पण त्यांना कुणी बोलावलं नाही. शेवटचं नाव खोडून त्या घरी पोहोचल्या, तेव्हा मासोळगीकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्यांना काढून टाकलेलं होतं. घरी त्यांनी एकटीनेच रडून घेतलं.

पुढच्या रविवारी त्या उपासनेला गेल्या आणि नेहमीच्या बाकावर बसल्या. जगन्नाथ बायको-मुलीसह त्याच बाकाशी येऊन थबकला.

"झालं समाधान?"

"नाही," ताई म्हणाल्या. "तुमच्या आजोबांच्या सहीखाली आणखी चार सह्या आहेत. त्यांच्या घरच्यांना या आठवड्यात फोटो पाठवतेय. तुम्हालाही पाठवते."

जगन्नाथने मिहिकाचा दंड धरला आणि तिला ओढत मागच्या रांगेत नेऊन बसवलं.