शेकोटीतले रोडगे

मी शेकोटी बोलतेय, भिंतीत बांधलेली. वाशीम जिल्ह्यात, जऊळक्याजवळच्या एका जुन्या डाकबंगल्यात मी असते. इथं मे महिन्यात भिंतीसुद्धा भाजून निघतात, आणि गोऱ्या साहेबाने बांधली काय, तर शेकोटी! त्याच्या गावी घरोघरी असायची, म्हणून इथंही हवी. सवय माणसाला काय करायला लावील, सांगता येत नाही.

त्याने मला दोनदा पेटवलं आणि दोन्ही वेळा घामाघूम होऊन व्हरांड्यात पळाला. पुढे सरकारी अधिकारी उतरू लागले. कुणी माझ्यात जोडे ठेवले, कुणी फायली. एक ओव्हरसिअर तर ओले टॉवेल वाळत घालायचा. मी मेली कुणाला सांगणार?

दोन वर्षांपूर्वी बंगल्याचं हॉटेल झालं. काम देखणं झालं, हे कबूल करते. सागवानी दारं पुन्हा चमकली, मिस्त्रीने माझं धुराडं वरपर्यंत साफ केलं. आणि एवढं करून मॅनेजर अमरदीपने माझ्यात ठेवली प्लास्टिकची सूर्यफुलं. मला भयंकर राग आला.

मग स्वयंपाकाला धुरपताबाई आली. पोहरादेवीकडच्या तांड्यावरची बाई, दरवर्षी लेकासोबत ऊसतोडीला जायची. आता मोळी उचलताना गुडघे साथ देईनात. अमरदीपने तिला सांगितलं, "मावशी, रविवारी पुण्याचे वीस पाहुणे आहेत. त्यांना आपलं वऱ्हाडी जेवण आवडलं, तर तुमची नोकरी बारमाही." नाही आवडलं, तर सोमवारी ऊसतोडीचा ट्रक सुटणार आणि ती पुन्हा उसाच्या फडात.

बेत रोडग्यांचा ठरला, म्हणजे निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा. अंगणात खड्डा खणला, आणि रविवारी सकाळी अवकाळी पाऊस असा कोसळला की खड्ड्याचं डबकं झालं.

"गॅसवर करा ना," अमरदीप म्हणाला.

"गॅसवर पोळ्या होतात, भाऊ. रोडग्याले इस्तू लागते, गवऱ्यांचा निखारा." बोलता बोलता तिची नजर माझ्यावर पडली. "एवढी मोठी चूल हाय, अन् तिच्यात फुलं काहून ठेवले?"

"ती चूल नाही, मावशी. शोभेची शेकोटी आहे."

"जाळ करासाठीच बांधली ना?"

तिने फुलं बाजूला ठेवली, व्हरांड्यातल्या कोरड्या गवऱ्या माझ्यात रचल्या आणि काडी ओढली.

माझा जीव धास्तावला. दिवाणखान्यात धूर कोंडला, तर बिचारीची नोकरी गेलीच. मी होता नव्हता तेवढा जोर लावून धूर ओढला. तो वर गेला.

आणि मग मी तिचे हात पाहिले. काय हात आहेत त्या बाईचे! जाडसर कणकेला पदरापदरात तेल लावून गोळे केले, निखाऱ्यांवर मांडले, गरम राखेत झाकले. चिमटा नाही की घड्याळ नाही. बोटांनीच उलटायची, टिचकी मारायची आणि आवाजावरून ओळखायची. राख झटकून फोडले, वर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी नि वरण. पाहुणे टेबलं सोडून माझ्यासमोर मांडी घालून बसले. एका आजोबांनी लाजत लाजत चौथा मागितला.

अमरदीप एवढंच म्हणाला, "मावशी, ट्रकवाल्याला नाही म्हणून सांगा."

सोमवारी ट्रक फाटकाशी थांबला. तिचा लेक सेवादास उतरला. आईला तो याडी म्हणतो.

"तू येऊ नको, याडी. आता तुह्या गुडघ्याले आराम भेटन."

"येळेवर जेवत जाय," ती म्हणाली आणि फडक्यात बांधलेले रोडगे त्याच्या हातात दिले. तिच्याविना तो पहिल्यांदाच निघाला होता, सहा महिन्यांसाठी. ट्रक दिसेनासा झाल्यावर ती आत आली आणि माझ्यासमोर गवऱ्या रचत बसली.

पाहुणे हो, तुम्हीही या. या बंगल्यात राहा, तिच्या हातचं जेवा. कधी तिचे डोळे ओले दिसले, तर ती म्हणेल, धूर गेला. माझा धूर सरळ वर जातो, पण तुम्ही ते बोलू नका. आणखी एक रोडगा मागा.