निघून जाणारे

अहिल्या डेन्मार्कमध्ये आठ वर्षं राहून आली होती आणि मराठी मंडळात तिची ओळख तेवढीच होती. "अर्धा पगार सरकारला वाहून आलेल्या आमच्या वहिनी," असं प्रसन्न सांगायचा आणि लोक हसायचे. प्रसन्न मंडळाचा अध्यक्ष. माणूस मदतीला कायम पुढे. अहिल्याच्या नवऱ्याला, सिद्धेशला, घर त्यानंच शोधून दिलं होतं. ते नेपरव्हिल या अमेरिकन शहराच्या जरा बाहेर, शेजारच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे वेगळ्या सरकारी शाळांच्या हद्दीत मिळालं. प्रसन्नही तिथेच राहायचा. तिथल्या शाळा यथातथाच, पण त्याची मुलं प्रायव्हेट स्कूलमध्ये होती. अहिल्याची मुलगी रीमा सध्या डिस्ट्रिक्टच्या सरकारी शाळेत जायची; त्यानं शब्द टाकला आणि पुढच्या फॉलपासून, म्हणजे नव्या शालेय वर्षापासून, तिचंही प्रायव्हेटमध्ये ॲडमिशन पक्कं झालं.

त्या हिवाळ्यात डिस्ट्रिक्टनं शाळांसाठी प्रॉपर्टी टॅक्स वाढवायचा प्रस्ताव मतदानाला ठेवला. प्रसन्न पेटून उठला. संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यानं वादविवादच ठेवला: 'जास्त कर देशाला बुडवतो.'

"वहिनी, तुम्ही आमच्या बाजूनं. फक्त अनुभव सांगा," तो म्हणाला.

अहिल्या तयार झाली. तिची त्या देशाबद्दल एक तक्रार खरोखरच होती.

"टॅक्स भरपूर होता. कुरकुर आम्हीही करायचो," तिनं माइक हातात घेऊन सुरुवात केली. लोक हसले. "दवाखान्यात खिशात हात घालावा लागायचा नाही, कॉलेजची फी नाही. पण एक गोष्ट त्या टॅक्सला जमली नाही."

प्रसन्न खुर्चीत पुढे सरकला.

"रीमाच्या शाळेत आमच्यासारख्या बाहेरच्यांची मुलं वाढली, तशी तिथली मुलं एकेक करून निघाली. प्रायव्हेट स्कूल तिथेही आहेत, सरकारच त्यांना पैसे देतं. कोणी वाकडं बोललं नाही. उलट निरोपाला केक आणायचे. शेवटी रीमाची जिवाभावाची मैत्रीणही गेली. 'तिच्या भल्यासाठी,' असं तिची आई मला माझ्याच दारात सांगून गेली."

"ऐकलंत?" प्रसन्ननं टाळी वाजवली. "एवढा टॅक्स घेऊनही शाळा बिघडलीच!"

"शाळा नव्हती बिघडली. शिक्षक तेच होते, वर्ग तेच होते. माणसं निघून गेली होती." अहिल्याचा आवाज चढला. पुढचं ती ठरवून आली नव्हती. "तेव्हा मागे आम्ही राहिलो होतो. आता निघणारे आम्ही आहोत. मीही रीमाच्या वर्गात केक घेऊन जायचं का? नाही जाणार. रीमा आहे त्याच शाळेत राहील. आणि टॅक्स वाढत असेल तर वाढू दे."

हातात तिळगूळ होता, तरी हॉलमध्ये कोणी गोड बोलेना.

"वहिनी, मी अकोल्याला सरकारी शाळेत शिकलो," प्रसन्न उठून म्हणाला. आता तो हसत नव्हता. "छप्पर गळायचं. दप्तर डोक्यावर धरून बसायचो. माझ्या मुलांनीही तेच भोगायचं?"

त्याचं दुःख खरं होतं, हे तिला कळलं. तरी ती मागे हटली नाही.

"तुम्ही निघालात, भाऊजी. छप्पर गळतच राहिलं ना?"

"सोपं आहे बोलणं! तुम्हाला तर इथे व्होटही नाही."

"व्होट नाही. टॅक्स मात्र घेतात. आणि पोरगी तिथेच बसते."

परतताना सिद्धेश बर्फातल्या रस्त्यावर नजर ठेवून गाडी चालवत होता. तो म्हणाला, "चारचौघांत ठरवलंस. मला विचारायचं तरी."

"विचारायला हवं होतं," अहिल्या म्हणाली. "पण ठरवलं ते बरोबरच ठरवलं."

"आणि मला?" मागून रीमा म्हणाली. "डू आय गेट अ से?"

"बोल," अहिल्या म्हणाली.

"मला इथेच राहायचंय. पण पैसे नाहीत म्हणून त्यांनी आमच्या स्कूलचा ऑर्केस्ट्रा कट केला ना, तर आय विल बी सो मॅड."

"मग दोघी मिळून भांडू."

व्होट नसलं तरी दारं ठोठावायला कोणाची मनाई नव्हती. शनिवार-रविवार अहिल्या पत्रकं घेऊन घराघरांत फिरली. कोणी ऐकून घेतलं, कोणी दारातूनच वाटेला लावलं. रेल्वे लाइनच्या पलीकडच्या उतारावर ती बर्फात दोनदा घसरून पडली. प्रसन्नचं घरही तिनं चुकवलं नाही. त्यानं दार उघडलं, पत्रक घेतलं नाही.

"चहा घेणार?"

"घेईन. पण बोलणार याच विषयावर."

ते दोघं चहा निवेपर्यंत भांडले. तो तसूभर हलला नाही, तीही नाही.

प्रस्ताव पडला. उन्हाळ्याच्या आत ऑर्केस्ट्रा बंद झाला. रीमा खोलीचं दार आपटून रडली. "यू सेड आपण भांडू!" ती ओरडली. त्या दिवशी प्रायव्हेट स्कूलची जागा अजून रिकामी आहे, हे सिद्धेशला ठाऊक होतं. त्यानं ते एकदाच सांगितलं, अहिल्या नको म्हणाली, आणि त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

फॉलमध्ये शाळेत पालकांची सभा झाली. प्रस्ताव परत मतदानाला ठेवायचा का, यावर लोक खांदे उडवत होते. पुन्हा हरायला कोण येणार, असं एकजण म्हणाला.

"मी येणार," अहिल्या उभी राहून म्हणाली. "आणि पुन्हा हरलो तर त्याच्या पुढच्या वेळीही."

शेजारी सिद्धेश चुळबुळला. मग त्यानंही हात वर केला.

"रेल्वे लाइनच्या पलीकडची घरं मी घेतो," तो म्हणाला. "तिकडे हिचा पाय घसरतो."