पिशवीपाशी कोणीतरी

या शहराला सपाट जागेचं वावडं असावं. खोलीतून बाहेर पडलं की चढ, चहा प्यायला चढ, समुद्र बघायला म्हणून खाली उतरावं तर परत यायला चढ. लेकीने आणि जावयाने हौसेने पाठवलं होतं, म्हणून मी तोंडातून ब्र काढत नव्हते. पण दुसऱ्याच दिवशी माझ्या पायांचे पार तुकडे पडले होते.

आमचं इस्त्रीचं दुकान आहे. गल्लीत पाइप टाकायला रस्ता खणला, गिऱ्हाइकाला दारापर्यंत येता येईना, म्हणून तरी शटर खाली आलं. एरवी लोकांचे कपडे आत असताना दुकान सोडून जायचं नाही, हा ह्यांचा नियम. हे जेवायला घरी आले की मी टेबलापाशी, मी स्वयंपाकाला घरी गेले की हे टेबलापाशी. लेकीच्या लग्नातसुद्धा आम्ही जेवायला पाळीपाळीने बसलो. का, ते आम्हालाही सांगता आलं नसतं.

मला या सहलीकडून एकच हवं होतं. एकदा तरी एखादी गोष्ट दोघांनी शेजारी उभं राहून बघावी. बाकी डोंगर आणि समुद्र गेले उडत.

पहिल्या दिवशी दीपगृहाच्या दाराशी पोचलो, तर हे बाकावर टेकले आणि म्हणाले, "अगं, तू जाऊन ये आधी. मी पिशवीपाशी बसतो."

पिशवीत होतं काय, तर पाण्याची बाटली, दोन स्वेटर आणि जावयाची छत्री. कोण डोंबल चोरणार होतं.

"घेऊन जाऊ की वर," मी म्हणाले.

"उगाच ओझं कशाला?"

गेले मी. गोल गोल जिना चढून वर पोचले तेव्हा जीव मेटाकुटीला आला होता. समुद्र छान होता, नाही म्हणत नाही. पण शेजारी एक अनोळखी जोडपं एकमेकांना बोटाने काहीतरी दाखवत होतं, आणि मला दाखवायला कोणी नव्हतं. खाली आले, मग हे गेले. आल्यावर विचारलं, कसं होतं. "छान आहे," म्हणाले. वर गर्दीतल्या एका माणसाच्या शर्टाची कॉलर कशी करपवली होती, तेच सांगत बसले. संध्याकाळच्या टेकडीवरही तेच, तू जा, मग मी जातो. रात्री खोलीत मी तोंड फिरवून झोपले. ह्यांनी कारणही विचारलं नाही, याचा राग आणखी वेगळा.

दुसऱ्या दिवशी किल्ला. पायथ्याशी पुन्हा तेच, तू आधी. मी गेले, आणि पहिल्या वळणाआड दगडी बाक दिसला तशी बसकण मारली. पुढे एक पाऊल टाकायची ताकद नव्हती, इच्छा तर त्याहून नव्हती. एकटीने बघायचं तर न बघितलेलं बरं. येणारे-जाणारे बघत बसले, आणि बराच वेळ गेल्यावर खाली उतरले.

"काय दिसतं वरून?" ह्यांनी विचारलं.

अर्ध्यातून आले म्हटलं असतं, तर लेकीने एवढं केलं आणि तू, असं ऐकावं लागलं असतं. म्हणून ठोकून दिली थाप. "मोठं पांढरं जहाज उभं आहे अगदी तटाखाली. लाल पट्ट्याचं. वरची माणसं हात हलवतात."

हे पिशवी माझ्याकडे देऊन गेले. बऱ्याच वेळाने आले, माझ्या शेजारी बसले, आणि सावकाश बाटलीचं झाकण उघडलं.

"दिसलं का जहाज?"

"हो, दिसलं ना. लाल पट्टा आहे खरा. निघायच्या बेतात होतं."

हसावं की रडावं मला कळेना. आधी हसूच आलं. मग राग आला. मग लक्ष गेलं की घोटाघोटाला हे श्वास घ्यायला थांबतायत.

"अहो, जहाज नव्हतंच. मी वर गेलेच नाही. वळणावर बाक आहे, तिथे बसले होते."

ह्यांनी बाटलीचं झाकण लावलं. म्हणाले, "मीपण त्याच बाकावर."

"आणि दीपगृह?"

"आत पायरीवर बसलो. कॉलरवाला तिथेच भेटला. दम लागतो गं. तुझी सहल कशाला खराब करायची."

"कधीपासून?"

"थंडीच्या आधीपासून."

थंडीच्या आधी दुकानात उंच स्टूल आलं होतं. पाय दुखतात म्हणून बसून इस्त्री करतो, म्हणाले होते, आणि मी मान डोलावली होती. हे दुकानात असताना मी घरी, मी दुकानात असताना हे घरी. माझा नवरा इस्त्री करताना धापा टाकतो, हे गल्लीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक असणार. मलाच तेवढं नव्हतं. आम्ही पिशवी सांभाळली, दुकान सांभाळलं, आणि या माणसाकडे बघायचंच माझं राहून गेलं. मला भीती वाटली.

"परत गेलो की डॉक्टरकडे," मी म्हणाले. "दोघं."

"दोघं कशाला? दुकान कोण बघेल?"

"बंद राहील."

एरवी ह्यांनी वाद घातला असता. ह्यांनी पिशवीतले स्वेटर काढले, गिऱ्हाइकाचे असावेत तसे घडी मोडून पुन्हा नीट घडी घातली, आणि मान हलवली.

बसथांब्याकडे उतार होता. थांबत थांबत गेलो. पिशवी मी घेतली, ह्यांनी माझ्या दंडाला धरलं होतं. थांब्यावर दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची जेमतेम पट्टी दिसत होती. आम्ही शेजारी उभे राहून बघत राहिलो. बस आली, तशी जाऊ दिली.

"जहाज दिसतंय का गं?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"मलापण नाही," हे म्हणाले.