आर्चाचा धूर

जीप अंगणात आली तेव्हा ती जीप राहिलीच नव्हती, नुसता चेमटलेला पत्रा होता. ट्रॅक्टरला साखळीने बांधून नदीच्या गोट्यांतून ओढून काढली आणि गोठ्यामागे टाकली, ती टाकलीच. बातमाचा नवरा अकमात तिच्यातच गेला होता; त्याचा चाळिसावा दिवस झाला, वर्षाचं जेवण झालं, तरी तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. ताडपत्री फाटली, टायर बसले, कोंबड्यांनी सीटखाली अंडी घालायला सुरुवात केली. ती अंडी बातमा कधी उचलायची नाही. कुत्र्याने खाल्ली तर खाऊ देत मेली! नवऱ्याला खाणाऱ्या गाडीतलं तिला काही नको होतं.

आणि मागच्या शरदात मुलगा मॉस्कोहून परत आला. कुबात. तिकडे बांधकामावर राबून पोरगा कंटाळला होता. आल्या आल्या चहासुद्धा न पिता गोठ्यामागे गेला, ताडपत्री ओढली आणि आईला हाक मारून ओरडला,

"आपा, इंजिन फिरतंय गं! हाताने फिरतंय!"

हातातली चहाची वाटी बातमाने खाली ठेवली.

"भंगारवाल्याला देऊन टाक," ती म्हणाली. "चार मेंढ्या तरी येतील."

"चार मेंढ्या! बाबांची गाडी आहे ती, आपा."

"म्हणूनच म्हणते."

पण ऐकतो कोण? सगळा हिवाळा त्या जिपेत गेला. बाहेर थंडी पडली की सुटे भाग घरात यायचे. जेवणाच्या दस्तरखानावर रोट्यांच्या शेजारी कार्बोरेटर, चुलीपाशी गिअरची चाकं, खिडकीत स्पार्कप्लगांची रांग. पेट्रोलचा वास गाद्यांना लागला, रोट्यांना लागला, तिच्या केसांना लागला. सुरुवातीला तिचं डोकं उठायचं. पुढे पुढे तो वास येतोय की नाही हेही तिला कळेनासं झालं.

शेजारचा म्हातारा जुमाश रोज कुंपणावर हात टेकून उभा राहायचा.

"अरे कुबात, ही गाडी चालली ना, तर माझी म्हातारी तुला देऊन टाकीन!"

"म्हातारी नको, जुमाश-आके. तिचा तो काळा बोकड द्या."

"बोकड? बोकडावर माझा जीव आहे रे!"

दोघं खदाखदा हसायचे. बातमा खिडकीतून बघायची. एकेक नट बसत होता, एकेक पत्रा ठोकून सरळ होत होता. भंगार होतं तोवर ती गाडी मेलेली होती. हा पोरगा तिला जिवंत करत होता.

एकदा त्याने तिला मुद्दाम हाक मारली. ब्रेकची नळी उघडली होती. तिच्यातून तांबूस पाणी टपकत होतं.

"बघ, आपा. पाणी. ब्रेकचं तेल नव्हतं म्हणून बाबांनी साबणाचं पाणी भरलं होतं."

"मग? सगळेच भरायचे तेव्हा."

"सगळेच भरायचे, आणि सपाटीवर चालूनही जायचं. पण घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात. पाण्याची वाफ झाली की पेडल दाबलं तरी भसकन खाली जातं. बाबा त्यानेच गेले."

"असेल," ती म्हणाली आणि गाईला पेंढी टाकायला निघून गेली.

असेल काय, कपाळ! बाबा कशाने गेले ते तिला ठाऊक होतं. जिपेला रोज आर्चाचा धूर देणारी ती होती. डोंगरातून आणलेली आर्चाच्या सुवासिक झुडपाची वाळली डहाळी निखाऱ्यावर टाकायची, तो धूर घेऊन गाडीला तीन फेऱ्या, मग एकदा आत सीटवरून फिरवायचा. 'अलास, अलास, इडा टळो, पिडा टळो.' बाळाच्या पाळण्याला देतात, नव्या घराला देतात, तसाच गाडीला. आणि त्या सकाळी आर्चा संपली होती. शेजारून आणते म्हणाली, तर अकमात म्हणाला, राहू दे, उशीर होतोय. तिने राहू दिलं. दुपारी ट्रॅक्टरवाला टोपी हातात घेऊन दारात आला. ही गोष्ट तिने आजवर कुणालाच सांगितली नव्हती. सांगून काय सांगणार? माझ्या आळसाने नवरा गेला म्हणून?

वसंत आला. घाटातला बर्फ वितळला, माणसं गुरं घेऊन वरच्या कुरणांकडे निघायला लागली. एका संध्याकाळी जिपेचं इंजिन सुरू झालं आणि सुरू राहिलं. जुमाश टोपी उडवून नाचला. कुबातने जीप अंगणात फिरवली, पुढे, मागे, ब्रेक दाबून गपकन थांबवली. मग मोठ्या कॅनने दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरल्या. दोन्ही सीटखाली एकेक टाकी असते ना, त्या.

"उद्या तंबूचं सामान टाकतो आणि कुरणावर सोडून येतो," तो म्हणाला.

"घाटातून?"

"मग काय उडत जाऊ?"

"मी धूर देते आधी."

कुबातचा चेहरा बदलला. "आपा, कान उघडून ऐक. गाडीजवळ धूर नाही, निखारा नाही, काही नाही. जवळसुद्धा आणायचा नाही. कळलं?"

तिने मान हलवली. पण मनात म्हणाली, मॉस्कोत राहून पोरगा देवाधर्माला विसरला. बापही असाच म्हणाला होता, राहू दे. रात्रभर ती कूस बदलत पडली. डोळा लागला की उतारावरून जाणारी जीप दिसायची, आणि स्टिअरिंगवर अकमात नाही, कुबात.

सकाळी चहा पिऊन कुबात उठला. "जुमाश-आकेंकडून मोठा पाना घेऊन येतो," म्हणाला आणि फाटकातून बाहेर पडला. बातमाने तो वळेपर्यंत वाट पाहिली. या खेपेला ती हलगर्जीपणा करणार नव्हती. चुलीतले निखारे तिने जुन्या पितळी वाडग्यात ओढले, वर ओंजळभर आर्चा टाकली. घरात पसरलेला गोड, कडवट धूर तिने छाती भरून घेतला आणि तिला जरा धीर आला.

जीप गोठ्याच्या भिंतीजवळ उभी होती. पहिली फेरी झाली. "अलास, अलास. माझ्या पोराची इडा टळो." वारा सुटला होता, वाडग्यातल्या ठिणग्या उडत होत्या. तिने पाठ फिरवून वाडगा आडोशाला धरला. तिसऱ्या फेरीअखेर भिंतीकडच्या बाजूला आली तर पायाखाली ओलं लागलं. रात्रीचं दव असेल. घागऱ्याची कड भिजली. दार उघडून सीटवर धूर फिरवावा म्हणून तिने हात पुढे केला.

"आपा!"

आवाज खालून आला. जमिनीतून आल्यासारखा.

"आपा, हलू नकोस! आहेस तिथेच उभी राहा!"

ती थिजली. जिपेखालून कुबातचे बूट बाहेर आले होते. मागच्या फाटकाने तो कधी परतला, कधी खाली शिरला, तिला पत्ताच नव्हता.

"काय झालं रे?"

"डावी टाकी गळतेय. मी पट्टे सोडले आणि ती छातीवरच बसली. मला निघता येत नाहीये." त्याला दम लागत होता. "पेट्रोल माझ्या अंगभर आहे, आपा. तू पेट्रोलमध्ये उभी आहेस."

बातमाने खाली पाहिलं. दव नव्हतं ते. तिच्या चपलांभोवती थारोळं झालं होतं आणि ते मुलाच्या अंगाखालून येत होतं. वाडग्यात आर्चा तडतडली, एक ठिणगी उडाली आणि तिच्या बाहीवर विझली. तिने वाडगा घट्ट धरला.

"फेकू?" ती पुटपुटली.

"नको! फेकू नकोस! वाऱ्याने ठिणग्या इकडेच येतील."

"मग काय करू रे? सांग ना, काय करू?"

खालून उत्तर आलं नाही. तेव्हा तिला कळलं की त्यालाही ठाऊक नाही. तोही घाबरलाय. लहानपणी वीज कडाडली की गोधडीत शिरून असाच गप्प व्हायचा.

वारा पुन्हा आला. वाडग्यातले निखारे लाल झाले.

बातमाने उजवा हात वाडग्यावर ठेवला. झाकणासारखा, सपाट. मग वाडगा मनगटांनी पोटाशी आवळला आणि डावा काढून तोही वर दाबला. एक शब्द तिच्या तोंडातून निघाला नाही. ओरडली असती तर हात निघाले असते. कुंपणाबाहेर पाटाचं पाणी वाहत होतं, तिथपर्यंत जायचं होतं. घागऱ्याची कड ओली आहे, पाय घसरता कामा नये, पळता कामा नये. ती चालायला लागली. अंगण कधी एवढं मोठं होतं? कोंबड्या पायांत आल्या, त्यांना हाकलायला तोंडही उघडवेना. कातडी जळल्याचा वास येत होता आणि तो तिला स्पष्ट कळत होता. निखाऱ्याला आवाज असतो, हेही तेव्हाच कळलं. फाटक कोपराने ढकललं. गुडघे टेकले आणि वाडग्यासकट दोन्ही हात पाण्यात घातले.

चर्र झालं, मग सगळं शांत झालं. तेव्हा कुठे ती ओरडली. अशी ओरडली की जुमाश म्हातारा अनवाणी धावत आला.

"पोराला काढा! आधी पोराला काढा!"

टाकी उचलली, कुबातला ओढून काढलं. त्याने अंगावरचे कपडे तिथेच टाकले, डोक्यावरून बादल्या ओतून घेतल्या आणि कुडकुडत आईपाशी येऊन बसला. तिचे हात पाहिले आणि रडायलाच लागला.

"वेडी आहेस का, आपा? सांगितलं होतं ना मी तुला! सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंस," ती म्हणाली.

दवाखाना घाटापलीकडे खाली, तालुक्याला. गावातल्या धड गाड्या सगळ्या कुरणांवर गेलेल्या. जुमाशने जिपेखालची जमीन पाणी मारून धुतली, माती टाकली. कुबातने डावीकडची नळी बंद केली, उजव्या टाकीवर इंजिन चालू केलं. बातमा दाराशी उभी राहिली. हातांना ओलं फडकं गुंडाळलेलं. या गाडीत मरेपर्यंत पाय ठेवणार नाही अशी तिने शपथ घेतली होती. पण कुबातने कमरेला धरून उचलली आणि सीटवर बसवली, आणि तिला नाही म्हणायचं त्राण उरलं नव्हतं.

घाटाचा उतार लागला तसे तिने डोळे मिटले. गाडी वेग घ्यायला लागली. हातांची आग परवडली, ही भीती नको. मग तिला वळण कळलं. डोळे मिटूनही कळलं.

"थांबव."

"आपा, आधी दवाखाना..."

"थांबव म्हणते ना!"

कुबातने ब्रेक दाबला. उतारावर, ऐन वळणावर, जीप थांबली. जराही पुढे सरकली नाही. बातमाने डोळे उघडले. खाली नदी होती, तेच गोटे होते. इतकी वर्षं बाजाराला जाताना ती इथे तोंड फिरवून बसायची.

"त्या दिवशी मी धूर दिला नव्हता," ती म्हणाली. "आर्चा संपली होती. मला वाटायचं, म्हणून गेला तो."

कुबात तिच्याकडे वळला. "आपा, ब्रेकमध्ये पाणी होतं गं."

"हो. त्याने पाणी घातलं आणि तो गेला. तू माझ्या धुराने जाणार होतास. एवढी वर्षं मी या गाडीला भ्याले रे. खरं तर मी स्वतःलाच भ्यायला पाहिजे होतं."

या वळणावर थांबणारा प्रत्येक जण ओंजळ उघडतो, गेलेल्यासाठी दोन शब्द म्हणतो आणि तळवे तोंडावरून फिरवतो. बातमाने हात उचलले. फडक्यात गुंडाळलेले ते दोन गोळे, उघडणार काय? कुबातने आपली ओंजळ तिच्यापुढे धरली. तिने दोन्ही हात त्याच्या ओंजळीत ठेवले, आणि दुवा त्यानेच म्हटली.

"ओमीन," ती म्हणाली. "चल आता. हळू चालव हं, मला अजून भीती वाटते."