घागरीला ‘प’ येईना

त्या दुपारी पिराजीच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शाहूपुरीतली आमची अर्धी गल्ली तिथं दाटली होती, पण कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मधोमध हिरव्या खणानं झाकलेली तांब्याची घागर आणि तिच्यामागं देवऋषीण झुंबरबाई. कपाळभर हळद, तोंड किंचित उघडं.

“अंबूबाईचा जीव घागरीत आलाय,” तिनं आधीच बजावलं होतं. “घागरीवरनं नजर हलवायची न्हाय. हलवली तर म्हातारी मानगुटीवर बसंल, मग मला बोलवाय यायचं न्हाय.”

अंबूबाई ही पिराजीची आई. पंधरवड्यापूर्वी तापानं गेली होती.

घागर बोलली. बारीक, नाकातला आवाज. “लेकरा... सुनेनंच घात केला. दुधात काहीतरी घातलं. हिला घरात ठेवू नको.”

मी पहिलीच्या मुलींना शिकवते, भुतांवर माझा विश्वास नाही. तरी हातपाय गार पडले. पिराजीची बायको कालिंदी खांब धरून उभी होती. तिला सातवा महिना होता.

“कपडे घे,” पिराजी तिच्याकडं न बघता म्हणाला. “आजऱ्याला, तुझ्या म्हायेरी सोडतो.”

मला एकच गोष्ट खटकली. अंबूबाई लेकाला कधी ‘लेकरा’ म्हणत नसे. ‘पिराजी’ अशी खणखणीत हाक मारायची. नाव का टाळलं? मी घागर सोडून झुंबरबाईकडं पाहिलं. ओठ स्थिर होते, पण गळा हलत होता. मग आठवलं, वर्गात आम्ही रोज घोकतो ते: प, फ, ब, भ, म. ही पाचही अक्षरं ओठ मिटूनच म्हणता येतात. घागरीच्या बोलण्यात त्यातलं एकही नव्हतं.

“अंबूबाई,” माझा आवाज कापत होता, “लेकाचं नाव घेऊन सांगा.”

घागरीतनं हळूच आलं, “टिराजी.”

“आई, नीट म्हन की,” पिराजी म्हणाला.

“किराजी.”

“मेल्यावर मानसं नावं इसरत्यात,” झुंबरबाई घाईनं म्हणाली. या वेळी ओठ चांगले मिटत होते.

“ओठ न मिटता तुम्हीच ‘पिराजी’ म्हणून बघा,” मी सगळ्यांना म्हटलं. “बाकीची अक्षरं जीभ आणि गळा सांभाळतात. ओठ हलले तर झुंबरबाईची चोरी दिसते, म्हणून घागरीला ‘प’ येत नाही.”

माणसं तोंड उघडं ठेवून प्रयत्न करू लागली. टिराजी, किराजी. हसलं कुणीच नाही. पिराजीनं खण ओढला. आत पाण्याचा थेंबही नव्हता. झुंबरबाई मागच्या दारानं निघून गेली.

पिराजी बायकोसमोर मान खाली घालून उभा राहिला. ती माझ्याकडं वळली. “बाई, आज कळलं. पर उद्या आनखी कुनी असंच बोललं तर?”

“तर त्याच्या तोंडाकडं बघायचं आणि प्रश्न विचारायचा.”

“भ्या वाटतंय की.”

“मलाही वाटलं. भीत भीत विचारलं तरी चालतं, कालिंदी. विचारायचं मात्र थांबायचं नाही.”