अल्सीदची रेघ

अल्सीद आर्बोने जंगलात मारलेली रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या त्या किनाऱ्यावर सगळे मानत. हद्दीवरून दोन शेजारी हमरीतुमरीवर आले की हा होकायंत्र घेऊन निघायचा, बुंध्यांवर कुऱ्हाडीने खुणा करत जायचा आणि भांडण मिटायचं. मिटलं नाही ते एकच, त्याचं स्वतःचं. शेजारचा तेओफिल सावोआ म्हणायचा, मागची मेपलची राई माझ्या हद्दीत येते. अल्सीदने त्याला चर्चच्या पायऱ्यांवर, भर रविवारी, चोर म्हटलं. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. तेओफिल गेल्या हिवाळ्यात वारला, तेव्हाही अल्सीद घराबाहेर पडला नाही. हट्टी माणूस, दुसरं काय!

त्याची लेक नादीन चौतिसाव्या वर्षी वनतंत्रज्ञ व्हायला निघाली होती. आधी खेकडे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात बोटं सोलवटून घेतली, मग म्हणाली, आता बास. कॉलेजातली पोरं तिला ‘मावशी’ म्हणायची. पण दलदलीत कमरेपर्यंत शिरायची वेळ आली की मावशीच पुढे. शेवटच्या सत्रात प्रत्येकाने एक जुनी हद्द शोधून नव्याने आखायची होती. नादीनने घरचीच घेतली. बाबांची रेघ आहे, डोळे मिटून जुळणार, असं तिला वाटलं.

तिथेच ती फसली. शिकवणाऱ्या बर्नीसबाई पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडत होत्या, “पोरांनो, होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेला थांबत नाही, आणि तो फरकही वर्षागणिक सरकतो. आजोबांच्या खरेदीखतातला कोन आजच्या सुईवर तसाच धराल, तर शेजाऱ्याच्या न्हाणीघरात निघाल!” नादीनने फरक धरला आणि चालू लागली. रस्त्यापाशी बाबांच्या खुणा नीट जुळल्या. मग त्या डावीकडे सरकू लागल्या, आणि अर्ध्या वाटेवर दिसेनाशाच झाल्या. आपणच फरक उलट्या बाजूने धरला असणार. वर्गात प्रत्येकाने एकदा तरी हा घोळ घातला होता. ती रस्त्यापर्यंत मागे आली, सगळं पुन्हा तपासून निघाली. पुन्हा तेच. मागच्या टोकाला शेवाळाखाली दगडांचा ढीग लागला, माणसाच्या हातांनी रचलेला. हद्दीचा जुना कोपरा. मेपलची अख्खी राई तेओफिलच्या बाजूला पडत होती.

संध्याकाळी कोंबडी-बटाट्याचा रस्सा, फ्रिको, वाढता वाढता तिने विषय काढला.

“बाबा, रेघ मारताना तुम्ही सुईचा फरक धरला होता?”

“कसला फरक? खतात कोन लिहिलाय, सुई कोन दाखवते. संपलं.”

“सुई सरकते, बाबा.”

“दोन वर्षं कॉलेजात काय गेलीस, बापाला रेघ शिकवायला लागलीस!”

“मला कोपरा सापडलाय.”

अल्सीदचा चमचा थांबला. नंतर तो जेवलाच नाही.

सकाळी तो तिच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत चालत आला. ढीग पाहिल्यावर आधी बुटाने शेवाळ खरवडलं, मग गुडघ्यांवर बसून हातांनी.

“हा कोपरा मी किती शोधला होता,” तो म्हणाला. “मिळाला नाही. मला वाटलं, तेओफिलनेच दगड उचलून फेकले.”

बापाचा चेहरा बघवेना. नादीन घाईघाईने म्हणाली, “कॉलेजला मी दुसरीच हद्द आखून देते. ही मी पाहिलीच नाही असं समजा. कुणाला कळायचं नाही, बाबा.”

“हे शिकवतात तिथे?”

नादीनने मान खाली घातली. लाज वाटली तिला, आणि बापाचा अभिमानही वाटला. अल्सीदने हात पँटला पुसले आणि तो थेट सावोआंच्या घराकडे निघाला.

तेओफिलच्या बायकोने, ओडेटने, दार उघडलं. अल्सीदने टोपी काढली.

“ओडेट, राई तुमची आहे. माझी रेघ चुकली. दगड जागच्या जागी आहेत, कुणी हलवलेले नाहीत.”

ओडेट उंबऱ्यावर आली.

“तेओफिल हेच म्हणायचा,” ती म्हणाली. “अल्सीद लबाड नाही, चुकलाय. त्याच्याबद्दल या घरात वाकडं बोलायचं नाही. मला बोलू द्यायचा नाही तो.”

टोपी हातात फिरवत अल्सीद म्हणाला, “मी त्याला चोर म्हटलं होतं.”

“ठाऊक आहे,” ओडेट म्हणाली. “त्या पायऱ्यांवर मी त्याच्या शेजारीच उभी होते.”